बडनेरा म्हणजे नुसतं स्टेशन नव्हे

अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर, भातकुली, चांदूर रेल्वे या पट्ट्यातल्या माणसाला बडनेरा कुठं आहे हे सांगावं लागत नाही. मुंबईची गाडी धरायची, पोराला पुण्याच्या कॉलेजात पोचवायचं, दिवाळीला लेकीला आणायचं, की बडनेरा ठरलेलं. पण हे गाव इथंच का वाढलं, अमरावतीपासून दहा किलोमीटरवर एवढं मोठं जंक्शन का झालं आणि त्याचे दोन भाग कसे पडले, असं विचारलं तर बहुतेक जण "अमरावतीचं उपनगर आहे" एवढं म्हणून थांबतात. ते खरंच आहे. बडनेरा आज अमरावती महापालिकेत आहे. पण 1983 पर्यंत त्याची स्वतःची नगरपालिका होती आणि त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचा स्वतःचा बाजार होता. शहर वाढत गेलं आणि शेवटी येऊन बडनेऱ्याला चिकटलं. बडनेरा शहरातून फुटून निघालेलं नाही. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आज तीच गोष्ट आजूबाजूच्या खेड्यांच्या बाबतीत घडते आहे.

एका डोंगराचं दोन समुद्रांना पाणी

सुरुवात जमिनीपासून करू. बडनेऱ्याच्या पूर्वेला पोहरा-मालखेडचे डोंगर आहेत. मेळघाट पाहिलेल्या माणसाला त्या टेकड्याच वाटतील. याच डोंगरात काळ्या दगडाचं कोंडेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि श्रावणात तिथं गर्दी असते, म्हणून बऱ्याच जणांना हा भाग देवदर्शनापुरता माहीत असतो. पण या बुटक्या डोंगरांचं काम फार मोठं आहे. घराच्या छपराला आढा असतो आणि पाऊस त्याच्या दोन अंगांनी दोन वेगळ्या वळचणींना उतरतो, तसा हा डोंगरपट्टा पावसाचं पाणी वाटून देतो.

पश्चिमेच्या उतारावर पडलेलं पाणी नाल्यानाल्यांतून पेढी नदीकडं जातं. पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. उलट नांदगाव खंडेश्वर आणि चांदूरच्या अंगाला पडलेलं पाणी बेंबळेतून आणि दुसऱ्या ओढ्यांतून वर्धा नदीत उतरतं. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच सरीचं थोडं पाणी गुजरातेत निघतं आणि थोडं आंध्रात. याला भूगोलात जलविभाजक म्हणतात. शाळेत तो शब्द पाठ केला असेल, पण बडनेऱ्याहून यवतमाळच्या रस्त्यानं निघालं की तो पायाखालून जातो.

पेढीचं नाव निघालं म्हणून सांगतो, याच नदीच्या काठी वलगावजवळ 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला.

या सगळ्या भागाच्या तळाशी काळा दगड आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. तो दगड झिजून आपली काळी माती झाली. मे महिन्यात वावरात जाऊन पाहा. भेगा एवढ्या रुंद पडतात की हात आत जातो आणि आतली माती बाहेरच्यापेक्षा थंड लागते. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी धरून बसते. पाऊस संपल्यावरही खालची ओल कितीतरी दिवस टिकते. कापसाचं सोटमूळ नेमकं या ओलीपर्यंत पोचतं. म्हणून ज्या काळात सिंचन नावालाही नव्हतं, त्या काळातही वऱ्हाडात कापसाची पऱ्हाटी उभी राहत होती.

मात्र बडनेऱ्याहून पश्चिमेकडं, भातकुली-दर्यापूरच्या बाजूला सरकलं की जमिनीचा स्वभाव बदलतो. तिथं दगडावर पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत, त्यांत क्षार साठलेले आहेत आणि विहिरीचं पाणी मचूळ किंवा खारट लागतं. हाच खारपाणपट्टा. तो अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी पिकाला सतत दिलं तर माती चिकट आणि कडक होत जाते, म्हणून तिथल्या शेतकऱ्याचा भरवसा पावसावर आणि अलीकडं शेततळ्यावर. बडनेरा या दोन स्वभावांच्या जमिनींच्या मधोमध आहे. पश्चिमेला पूर्णेच्या खोऱ्यातला कापूस, पूर्वेला वर्धेच्या खोऱ्यातला कापूस आणि मधल्या डोंगरांतून जाणारे जुने रस्ते. अशा जागी बाजार बसतोच. अमरावती-बडनेरा परिसराचं व्यापारी महत्त्व रेल्वेच्या आधीचं आहे, ते यामुळं.

बैलाच्या पाठीवरचा कापूस

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस कुठं जायचा? मुंबईला थोडा, पण मोठा व्यापार उत्तरेकडं, गंगेकाठच्या मिर्झापूरशी होता. अंतर सुमारे 800 किलोमीटर. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून बंजाऱ्यांचे तांडे हा माल न्यायचे. जुन्या गॅझेटियरमध्ये अशी नोंद आहे की 1842 मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं एक लाख बैलांचं ओझं होईल एवढा कापूस रस्त्यानं कलकत्त्याकडं पाठवला. वाटेत पाऊस लागला तर रुई भिजायची, धूळ-माती मिसळायची आणि माल पोचेपर्यंत त्याचा दर्जा उतरायचा.

एवढा पैसा फिरत असेल तिथं लुटारू येणारच. अमरावतीचा परकोट त्यासाठीच बांधला गेला. निजामाच्या सरकारनं 1807 मध्ये त्याचं काम सुरू केलं, ते पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून. आज जवाहर गेट, अंबा गेट या नावांनी आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगतो, ती त्या भिंतीची दारं.

पुढं 1853 मध्ये निजामानं कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. मालकी कागदावर निजामाची, कारभार इंग्रजांचा. इंग्रजांची नजर इथल्या काळ्या जमिनीवर होती. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि गिरणीमालकांनी भारताकडं मोर्चा वळवला. वऱ्हाडात कापसाचे भाव चढले. त्या पाच वर्षांत ज्यांनी पैसा पाहिला, त्यांनी ज्वारीचं वावरही कापसाखाली आणलं. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. भावाच्या या चढउताराचा मार आपला शेतकरी आजही खातो, म्हणून हे दीडशे वर्षांपूर्वीचं प्रकरण मला जुनं वाटत नाही.

रूळ बडनेऱ्याहून का गेले

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असं करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. म्हणजे ज्या कापसासाठी ती एवढ्या घाईनं बांधली, त्याची तेजी संपल्यावर. तरी वाया गेली नाही. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, मुंबई ते इंग्लंड अंतर घटलं आणि वऱ्हाडच्या गाठी समुद्रापार जाऊ लागल्या त्या जाऊच लागल्या.

मुख्य मार्ग अमरावतीहून गेला नाही. भुसावळहून नागपूरकडं जाणारी वाट पूर्णेच्या सपाटीतून येते, बडनेऱ्यानंतर टिमटाळा-मालखेडच्या अंगानं डोंगर ओलांडते आणि चांदूर, धामणगाव करत वर्धेकडं उतरते. अमरावती या वाटेच्या उत्तरेला बाजूला राहिली. मग काही वर्षांतच बडनेऱ्याहून अमरावतीला एक छोटा फाटा टाकला गेला. खामगावचंही तसंच झालं: मुख्य मार्गावरच्या जलंबहून फाटा खामगावला गेला. दोन्ही ठिकाणी कापसाचं मोठं गाव मार्गाबाहेर राहिलं आणि जंक्शनचा मान शेजारच्या लहान गावाला मिळाला.

या फाट्याचा परिणाम आजही रोज दिसतो. हावडा-मुंबई मेल, गीतांजली, विदर्भ, महाराष्ट्र एक्सप्रेस या गाड्या बडनेऱ्याला थांबून पुढं जातात. अमरावतीकराला त्या धरायच्या तर बडनेऱ्याला यावंच लागतं. 1897 मध्ये अमरावतीला राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरलं. तेव्हा दूरदूरून रेल्वेनं आलेल्या प्रतिनिधींच्या वाटेतही बडनेराच होतं.

आता कापूस आणि रूळ यांचं नातं जरा जवळून पाहू, कारण इथंच बडनेऱ्याच्या वाढीचं खरं कारण आहे. शेतातून वेचून आणलेल्या शंभर किलो कापसात रुई साधारण 33 ते 35 किलो निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे कापूस तसाच गाडीत भरला तर दोन तृतीयांश भाडं सरकीचं. शिवाय सुटी रुई एवढी फुगलेली असते की डबा भरतो पण वजन भरत नाही. म्हणून रुळाजवळच सरकी काढायची आणि दाबून गाठ बांधायची, हे व्यापाऱ्याच्या फायद्याचं. आज एक गाठ 170 किलोची धरतात. जिनिंगमध्ये उभं राहिलं की हे डोळ्यांसमोर घडतं: रेच्यातून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रातून, रुई उडत बाहेर पडते, हवेत तंतू तरंगतात, नाकातोंडात जातात. प्रेसखाली खोलीभर रुईचा एक ठोकळा होतो आणि पट्ट्यांनी आवळला जातो. मग तो ठोकळा ढकलायला दोन माणसं लागतात.

या एका हिशेबामुळं मार्गावर जिनिंग-प्रेसिंगची गावं उभी राहिली. धामणगाव, पुलगाव आणि बडनेरा ही त्यातलीच. बडनेऱ्यात तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरणीही आली. वावरातल्या माणसाला पहिल्यांदा भोंग्यावर चालणारं आयुष्य दिसलं ते इथं: पाळी, हजेरी, पगाराचा दिवस. पुढं ही गिरणी, विजय मिल, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि शेवटी बंद पडली. हिंगणघाट, अकोला, अचलपूर, नागपूर, विदर्भात जिथं जिथं जुनी कापड गिरणी होती, तिथं तिथं थोड्याफार फरकानं हेच झालं. ज्या प्रदेशात कापूस पिकतो तिथं कापड विणलं जाऊ नये, ही मला विदर्भाची सगळ्यात मोठी हानी वाटते. शेतकऱ्याच्या पोराला गावापासून सायकलच्या अंतरावर मिळणारी नोकरी त्यात गेली.

जुनी वस्ती, नवी वस्ती

बडनेऱ्यात उतरून कुणाला पत्ता विचारा, तो आधी विचारेल, "जुन्या वस्तीत जायचं की नव्या?" रुळांच्या एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला स्टेशनमुळं वाढलेलं नवं. जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद, घरांना घरं लागलेली, देवळं-मशिदी, जुने वाडे. नव्या वस्तीत रस्ते त्यामानानं सरळ, दुकानं, लॉज, अमरावतीकडं जाणाऱ्या ऑटो आणि बस. रेल्वेची क्वार्टर्स आली तशी भुसावळची, नागपूरची आणि परप्रांतांतलीही माणसं नोकरीनिमित्त येऊन राहिली. खेड्यातून आलेल्या माणसाला या गावात हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात ऐकू येते ती त्यामुळं.

जंक्शनचं गाव कसं वाढतं, हे इथं चांगलं दिसतं. स्टेशनाच्या तोंडाशी जागेला भाव येतो, कारण प्रवासी तिथं उतरतो. जुना बाजार मात्र आपल्या जागी राहतो, कारण त्याचं गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतलं असतं आणि त्याला गाडीशी काही देणंघेणं नसतं. अशी दोन केंद्रं तयार होतात. मधले रूळ ओलांडणं मग रोजचा प्रश्न होतो: पोरांची शाळा एका बाजूला, दवाखाना दुसऱ्या बाजूला. गाड्या वाढल्या की फाटक जास्त वेळ बंद राहतं, म्हणून पूल आणि भुयारी मार्ग ही अशा गावांची कायमची मागणी असते.

1983 नंतर

15 ऑगस्ट 1983 ला अमरावती महापालिका झाली. अमरावती आणि बडनेरा या दोन नगरपालिका आणि आजूबाजूची काही महसुली गावं तिच्यात आली. कागदावर बडनेरा त्या दिवशी उपनगर झालं. स्वतःचा नगराध्यक्ष गेला आणि मोठ्या सभागृहातल्या काही जागा वाट्याला आल्या. फायदा झाला नाही असं नाही. पाण्याची मोठी योजना, मोठे रस्ते यांच्यासाठी लागणारा पैसा एकट्या लहान नगरपालिकेला झेपला नसता. पण गटारापासून रस्त्यापर्यंतचे निर्णय दहा किलोमीटरवरच्या सभागृहात होणं हेही त्यातच आलं. विधानसभेच्या नकाशात मात्र उलटा प्रकार आहे. तिथं मतदारसंघाचं नाव बडनेरा आणि त्यात अमरावती शहराचा काही भाग आणि भातकुलीकडची गावं येतात.

दोन्ही गावांमधली जागा आता जवळजवळ भरली आहे. सातुर्ण्याची औद्योगिक वसाहत, साईनगर, गोपाळनगर अशा वस्त्या बडनेरा रोडच्या दोन्ही अंगांना आल्या. बडनेऱ्याच्या पलीकडं अंजनगाव बारीच्या रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालय आलं आणि त्याच्यामागून खानावळी, खोल्या, झेरॉक्सची दुकानं.

वावराचं प्लॉटात रूपांतर कसं होतं, हे इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण खेड्यातल्या माणसाचा यात सगळ्यात जास्त तोटा होतो. सातबाऱ्यावरची जमीन शेतीची असते. तिच्यावर घरं बांधायची तर ती आधी अकृषक करून घ्यावी लागायची, ज्याला सगळे एनए म्हणतात. नगररचना विभागाकडून लेआउटचा नकाशाही मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात रस्ते आणि मोकळी जागा आधी काढून ठेवावी लागते. उरलेल्या जागेचे प्लॉट पडतात. हे सगळं करायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून काही जण ते न करताच वावराचे तुकडे पाडून विकतात. तीच गुंठेवारी. अशा प्लॉटवर घर बांधलं तर रस्ता, नळ, कर्ज, सगळीकडं अडचण येते. 2001 मध्ये राज्यानं ही बांधकामं ठरावीक अटींवर नियमित करण्याचा कायदा केला, तरी नियमित करून घ्यायचा खर्च शेवटी घरमालकाच्याच माथी. बडनेऱ्याच्या आसपास प्लॉट घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या रंगीत कागदावर जाऊ नये. मंजूर नकाशा मागावा, आणि त्या नकाशातला आपला प्लॉट नंबर जागेवर जाऊन मोजून पाहावा. विकणाऱ्या शेतकऱ्यालाही एक सांगणं आहे: एकरी भाव ऐकून हुरळून जाण्याआधी त्या एकरात किती चौरस फुटांचे प्लॉट पडतील याचा हिशेब करा, मग सौद्याला बसा.

रूळ, रस्ता, विमान

गेल्या काही वर्षांत बडनेऱ्याभोवतीच्या वाटा पुन्हा बदलल्या. नरखेडपर्यंतचा रेल्वेमार्ग झाला आणि चांदूर बाजार, मोर्शी, वरूड हा संत्र्याचा पट्टा बडनेऱ्याला जोडला गेला. वॅगन दुरुस्तीचा कारखाना आला. अकोल्याकडच्या महामार्गावर लोणी ते माना हा टप्पा जून 2022 मध्ये 75 किलोमीटर सलग डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रमात गेला. विक्रम मोठाच, पण मूर्तिजापूरपर्यंतचा जुना खड्ड्यांचा रस्ता ज्यांनी पाहिला त्यांना रस्ता झाला याचाच आनंद जास्त. 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. बेलोरा बडनेऱ्याहून हाकेच्या अंतरावर. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रानं वर्धा-भुसावळ दरम्यान तिसऱ्या आणि चौथ्या रुळाला मंजुरी दिली, लांबी 314 किलोमीटर. तो बडनेऱ्यातूनच जाणार. म्हणजे दोन वस्त्यांमधलं अंतर आणखी रुंदावणार, आणि पुलांची आखणी आत्ताच नीट झाली नाही तर पुढच्या पिढीला त्रास होणार.

पाणी उलटं चढतं

शेवटी परत पाण्याकडं यावं लागतं. अमरावती-बडनेरा हे पश्चिम उतारावरचं, पूर्णेच्या अंगाचं शहर. पण त्याचं पिण्याचं पाणी येतं सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून, म्हणजे पूर्वेच्या खोऱ्यातून, पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीच्या पाइपानं. जे पाणी आपल्या वाटेनं बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते पंपानं आणि पाइपानं जलविभाजक ओलांडतं, घराघरांत वापरलं जातं आणि सांडपाणी होऊन नाल्यांतून पेढीकडं निघतं. विजेच्या जोरावर शहर निसर्गाची वाटणी रोज बदलतं. त्यामुळं मोटारी बंद पडल्या किंवा पाइप फुटला की शहराचे नळ कोरडे.

त्याच धरणावर मोर्शी-तिवसा भागातल्या शेतीचा हक्क आहे आणि नांदगाव पेठेच्या औष्णिक वीज प्रकल्पालाही तिथूनच पाणी जातं. तो प्रकल्प आला तेव्हा शेतकऱ्यांनी पाण्यासाठी आंदोलनं केली होती. बडनेऱ्याभोवती पडणारा प्रत्येक नवा लेआउट याच पाण्यात वाटेकरी होतो, आणि खाली भातकुलीच्या शिवारात पेढीच्या काठी ज्यांची वावरं आहेत, त्यांच्या नदीत त्या लेआउटचं सांडपाणी येतं. हद्दवाढीची चर्चा निघाली की घरपट्टी आणि नगरसेवकांच्या जागा यांवर तासन् तास बोलणं होतं. सांडपाणी शुद्ध करून किती सोडलं जातं आणि धरणातला कुणाचा वाटा किती, हे दोन आकडे भातकुलीच्या आणि मोर्शीच्या शेतकऱ्यांनी त्या बैठकीत मागितले पाहिजेत.